एकटीचा डाव

गेल्या तीन महिन्यांत इथे काहीच लिहिलं नाही. "ताई, तब्येत बरी आहे ना?" असं विचारणारे दोघा-तिघांचे फोनही येऊन गेले. तब्येत उत्तम आहे. न लिहिण्याचं कारण सांगायला जरा लाज वाटते, पण आता सांगूनच टाकते. मी पत्ते कुटत बसले होते. तेसुद्धा टॅबवर, एकटीच, आणि समुद्राच्या तळाशी.

याची सुरुवात २०२३ च्या पावसाळ्यात झाली. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि रात्री झोप लागत नव्हती. वाचावं म्हटलं तर पडल्या पडल्या पुस्तक धरून हात भरून यायचे. तेव्हा नातीने तिचा जुना टॅब मला दिला आणि त्यात हा खेळ घालून दिला. "आज्जी, यात मासे आहेत. तुला आवडतील." मालवणकडच्या बाईला मासे आवडतात हे तिला पक्कं ठाऊक. कोणत्या रूपात आवडतात याची फक्त थोडी गल्लत झाली.

खेळ सोपा आहे. निळं पाणी, खाली वाळू, आणि मध्ये पत्त्यांच्या टेकड्या रचलेल्या. खाली एक पान उघडं असतं. त्याच्याहून एकाने मोठं किंवा एकाने लहान पान टेकडीवर मोकळं दिसलं की ते उचलायचं. सत्ती असेल तर छक्की नाहीतर अठ्ठी. रंगाची अट नाही, बदामावर किलवरही चालतं. राजावर एक्का चालतो आणि एक्क्यावर पुन्हा दुर्री, म्हणजे चक्र फिरत राहतं. काहीच बसत नसेल तर गठ्ठ्यातलं पुढचं पान उलटायचं. गठ्ठा संपायच्या आत टेकड्या साफ झाल्या की डाव तुमचा. या प्रकाराचं मूळ रूप रॉबर्ट होग नावाच्या माणसाने १९८९ मध्ये बसवलं. त्यात तीन टेकड्यांत मिळून २८ पानं, एक उघडं आणि २३ गठ्ठ्यात, असा ५२ चा हिशेब पुरा होतो. बुडबुडे, शिंपले, प्रवाळ ही सगळी नंतरच्या लोकांनी केलेली सजावट.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच आहे. माझी बोटं आता पत्ते पिसायच्या कामाची राहिलेली नाहीत. इथे पिसायला लागत नाही, वाटायला लागत नाही, पान पलंगाखाली जात नाही. आकडे चांगले ठळक आहेत, चष्मा नसला तरी दिसतात. डाव तीन-चार मिनिटांत संपतो, म्हणजे कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये बसतो. आणि एखादी माळ लागते तेव्हा काय मजा येते म्हणून सांगू! सत्ती, अठ्ठी, नव्वी, परत अठ्ठी, सत्ती, छक्की, पंजी... टप टप टप पानं उचलली जातात, प्रत्येक पानाला आवाजाचा सूर एकेक चढत जातो, आणि बघता बघता अर्धी टेकडी रिकामी. रात्री तीन वाजता, ठणकणारा गुडघा उशीवर ठेवून, मी त्या सुरांची वाट बघत असे.

नुसती नशिबाची गोष्टही नाही ही. दोन अठ्ठ्या मोकळ्या असतील तर कुठली उचलायची? जिच्याखाली पालथी पानं जास्त ती. चारही राण्या जाऊन बसल्या असतील तर उरलेल्या राजाला आता फक्त एक्काच सोडवणार, तेव्हा एक्का जपून वापरायचा. एवढा विचार केला की डाव सुटतो, नाही केला की अडकतो. वर्गात हुशार मुलाला गणित घालावं, ना फार सोपं ना फार अवघड, तसं त्या पहिल्या दीड-दोनशे पायऱ्यांचं होतं. कुणीतरी मन लावून ती रचली असणार. ज्याने रचली त्याला मी मनातल्या मनात शाबासकी दिली आहे.

पण एकटीने पत्ते खेळायची सवय मला या टॅबने लावलेली नाही. ती आत्याची.

आमच्या घरातले दोघे-तिघे हे वाचत असतील, त्यांना आत्या आठवत असेल. तिचे यजमान मुंबईला रेल्वेत होते. ते गेल्यावर ती तिशीतच माहेरी आली ती कायमची. येताना तिच्या ट्रंकेत मुंबईहून आणलेला पत्त्यांचा एक कॅट होता. दुपारी जेवणं उरकली, भांडी झाली, सगळे आडवे झाले की ती माजघरातल्या गार जमिनीवर 'पेशन' लावायची. खरा शब्द पेशन्स आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. कॅटातली चौकट सत्ती कधीच हरवली होती. तिच्या जागी लग्नपत्रिकेचा एक कापलेला तुकडा असे, त्यावर शाईने मोठा ७ काढलेला. पालथा असला तरी तो ओळखू यायचाच. म्हणजे चौकट सत्ती कुठे आहे हे आत्याला डाव मांडल्याबरोबर माहीत!

आणि ती लबाडी करायची. अगदी उघड. डाव अडला की इकडेतिकडे न बघता पालथ्या पानाचं टोक उचलून बघायची, एक्का खाली दबला असेल तर सरळ ओढून वर घ्यायची. मी आठ-नऊ वर्षांची असेन. "आत्या, तू फसवतेस!" म्हणून ओरडले. तिने पानं सारखी करत म्हटलं, "डाव माझो, फसतंय पण मीच. कोणाचा काय गेला?"

तेव्हा मला ते उत्तर मुळीच पटलं नव्हतं. पुढे शिक्षिका झाल्यावर तर नाहीच नाही. मुलांच्या दप्तरातून मी आयुष्यात किती कॅट जप्त केले असतील याची गणती नाही, आणि कॉपीच्या बाबतीत माझी शाळेत दहशत होती. आता वाटतं, आत्याच्या म्हणण्यात एक गोष्ट होती. तिला त्या घरात स्वतःचं असं काय होतं? स्वयंपाकघर वहिनीचं, पैसे भावाचे. दुपारचा तो एक तास आणि तो डाव एवढंच तिचं. त्या डावात नियम मोडायचा का नाही, हे तिचं तिने ठरवायचं.

संगणकावरचा पेशन्स मी पहिल्यांदा बघितला तो शाळेच्या ऑफिसात. १९९० साली विंडोजबरोबर तो खेळ आला, पण आमच्या शाळेत संगणक यायला मध्ये बरीच वर्षं गेली. आमचे हेडक्लार्क माऊस शिकायच्या नावाखाली तासन्‌तास तोच खेळत. वेस चेरी नावाच्या एका उमेदवारी करणाऱ्या पोराने तो लिहिला होता आणि त्याचे त्याला वेगळे पैसे मिळाले नाहीत. त्या खेळात गठ्ठ्यातून तीन-तीन पानं उलटावी लागत, पण कंट्रोल, आल्ट आणि शिफ्ट या तीन कळा एकदम दाबून धरल्या तर एकच पान उलटे. म्हणजे अमेरिकेत बसून लिहिणाऱ्यालाही कळलं होतं की एकट्याच्या डावात एक चोरवाट लागते. आणि ती त्याने फुकट ठेवली होती!

असो. समुद्राकडे येते.

दर काही पायऱ्यांनी इथे एक मासा मिळतो आणि तो आपल्या काचेच्या टाकीत पोहायला लागतो. भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, निळाजर्द, पिवळाधमक. सगळे प्रवाळाच्या बेटांवरचे. भूगोल शिकवलेल्या बाईला किती सहन करावं? त्याच टाकीत डॉल्फिन आहे, त्याच टाकीत पेंग्विन येऊन टाळ्या वाजवतो. पट्टेवाला मासा खरा राहतो समुद्रफुलाच्या दंशाच्या आडोशाला, इथे तो शिंपल्यात झोपतो. बांगडा नाही, तारली नाही, मोरी नाही, मांदेली तर नाहीच. आमच्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे बरं का, १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं ते उगाच नाही. आणि पत्त्यांत मासे घालण्याचं म्हणाल तर तेही आमच्याकडे जुनंच. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात १२० गोल पानं, अवतारांप्रमाणे दहा रंग, त्यात पहिला रंग मत्स्याचा आणि दुसरा कूर्माचा. त्या रंगवलेल्या चिमुकल्या माशाच्या डोळ्यांत जी जान आहे ती या टाकीतल्या अख्ख्या थव्यात नाही.

पण मला हवं होतं ते कासव. ते टाकीच्या वर एका कोपऱ्यात, कुलपाच्या चित्राखाली दिसतं. किंमत २०,००० नाणी. मागे एकदा आम्ही वेळासला गेलो होतो, तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी कुंपणात जपतात. टोपली उलटी केल्यावर तळहाताच्या खोलगटात मावतील एवढी पिल्लं वाळूवरून समुद्राकडे निघाली. एक सारखं उलटं पडत होतं. नात तेव्हा पाच वर्षांची, ती त्याला "ऊठ, ऊठ" म्हणत होती. त्या दिवसाची आठवण म्हणून मला ते कासव टाकीत हवं होतं. हे खूळच, पण हवं होतं.

आणि इथून खेळाचा दुसरा चेहरा दिसायला लागला.

दर डावाला नाणी भरावी लागतात. आधी थोडी, मग वाढत वाढत बरीच. जिंकलं तर परत मिळतात, हरलं तर गेली. दोनशेव्या पायरीच्या पुढे पानांना साखळ्या बांधलेल्या येतात, काही जाळ्यात अडकलेली, काहींवर बॉम्ब, ठरावीक चालींत उचलली नाहीत तर डावच फुटतो. चुकून बोट लागलं तर चाल मागे घ्यायला नाणी, दुसऱ्यांदा घेतली तर जास्त नाणी. कुठल्याही पानाच्या जागी चालणारा जोकर हवा असेल तर नाणी. आणि गठ्ठा संपला, टेकडीवर एकच पान उरलंय, अशा नेमक्या क्षणी एक ऑक्टोपस हात हलवत येतो आणि पाच जादा पानं देऊ करतो. नाणी घेऊन, अर्थात.

ते एकच पान! हरायचं तर धड हरू द्यावं माणसाला. दहा पानं उरली तर मी टॅब मिटून झोपले असते. पण एक पान उरलं की झोप उडते. मला संशय आला. नोंदवही घेतली आणि ५० डाव टिपून ठेवले. २९ हरले, त्यातले १७ एका किंवा दोन पानांनी. मग जेवणाच्या टेबलावर खरा कॅट घेऊन, होगच्या मूळ मांडणीत, रोज पाच-सहा असे ५० डाव मांडले. तिथेही पुष्कळ हरले, पण हरताना उरली ती सहा, नऊ, अकरा पानं. एका-दोन पानांनी हरलेले डाव चारच. आता यावरून काही सिद्ध होत नाही. दोन्हीकडची मांडणी वेगळी, डाव थोडे, आणि टिपणारी बाई आधीच रागावलेली. तेव्हा आरोप करत नाही. नोंदवही मात्र जपून ठेवली आहे.

आत्या पानाचं टोक उचलून बघायची तेव्हा मी जे बघत होते, तेच हे. मागे जाऊन चाल बदलणं, दबलेलं पान ओढणं, गठ्ठ्यात पाच पानं परत घालणं... एकटीने खेळणारी बाई पूर्वीपासून हे करतच आली. ते तिच्या हातात होतं. इथे ते तिच्या हातातून काढून घेतलं, काउंटरवर मांडलं आणि त्याला भाव लावला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तेव्हा मोबाइलवरची पैशांची रमी बंद झाली. आमच्या माशांना काही झालं नाही. तिथे जिंकून निदान पैसे मिळायची आशा असे. इथे मिळतं कासव.

हे सगळं मला कळत होतं. कळूनही मी नाणी विकत घेतली. हे मुख्य सांगायचं होतं, आणि इथवर यायला मला एवढा फेरा पडला.

टॅबवर मुलाचं खातं होतं. नातीच्या अभ्यासाचं एक अ‍ॅप आहे, त्याची तीन महिन्यांची वर्गणी जावी म्हणून त्याने खात्यात २,००० रुपये भरून ठेवले होते. एका रात्री ऑक्टोपस आला, नाणी संपलेली, आणि ८९ रुपयांचं एक पेटाऱ्याचं चित्र समोर. दाबलं. कुणी काही विचारलं नाही, ना पासवर्ड, ना काही. पेटारा उघडला, नाणी खळखळली. दुसऱ्यांदा दाबताना मनाला सांगितलं, ८९ म्हणजे एक शहाळं नि वर थोडे. पुढे सांगणंही सोडून दिलं. महिन्याभरात सतरा वेळा. सतरा गुणिले एकोणनव्वद, १,५१३. नोकरीला लागले तेव्हा माझा महिन्याचा पगार याहून कमी होता.

वर्गणी ४९९ ची होती आणि खात्यात उरले होते ४८७. बारा रुपये कमी पडले म्हणून उघडकीला आलं.

संध्याकाळची वेळ. मुलगा फोन हातात घेऊन हॉलमध्ये आला. "आई, टॅबवरून हे ८९-८९ रुपये कशाचे गेलेत? तू काही घेतलंस का?" मी भाजी निवडत होते. नात पलीकडे चित्र काढत बसली होती. आणि मी, तेहतीस वर्षं मुलांना 'खरं बोल, मी रागावणार नाही' म्हणणारी बाई, मान वर न करता म्हणाले, "मला कुठलं येतंय ते? छोटीनं काहीतरी दाबलं असेल."

तो तिला रागावला. फार नाही, पण रागावला. सून म्हणाली, आता आठ दिवस टॅब नाही, टीव्ही नाही. नातीने एकदा माझ्याकडे बघितलं. आता ही "मी नाही" म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. ती काही बोलली नाही. रंगीत खडू डबीत भरले आणि आत गेली.

त्या रात्री मी खेळले नाही. दुसऱ्या रात्री खेळले, हेही लिहून ठेवते. तिसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं. आधी वाक्य जुळवून ठेवलं होतं, ते काही आठवलं नाही. "ते पैसे मी घातले. छोटीनं नाही," एवढंच निघालं. मुलाला आधी हसू फुटलं. "आई, तू? मासे?" मग मी हसत नाही हे बघून तो गप्प झाला. सून म्हणाली, "आई, अहो, सांगायचं की. पैशांचं काय एवढं?" पैशांचं नव्हतंच ते, आणि तिलाही ते माहीत होतं, कारण लगेच ती उठून लेकीजवळ गेली.

नातीला मी रात्री एकटीला गाठलं. माफी मागितली. "तू बोलली का नाहीस गं?"

"तू रडली असतीस," ती म्हणाली. वर म्हणे, "आणि मला माहीत होतं. टाकीत सात नवीन मासे होते."

आता खात्याला पासवर्ड आहे, तो नातीला माहीत आहे आणि मला नाही. टॅब रात्री नऊला हॉलमध्ये ठेवायचा, हा नियम मीच मागून घेतला. पहिले दोन आठवडे अवघड गेले. झोप नसताना ती निळी टाकी डोळ्यांपुढे यायची. दिवसा मात्र मी अजून खेळते. फुकटची नाणी चोवीस तासांनी मिळतात तेवढ्यावर दोन-तीन डाव होतात. संपली की संपली. असं खेळलं तर अजूनही छान खेळ आहे हो तो! माळ लागली की अजून तितकीच मजा येते.

नातीला नुकसानभरपाई हवी होती. ती मिळाली खऱ्या कॅटाच्या रूपात. बदाम सात आणि झब्बू तिला येतात, आता पेशन शिकतेय. खाली बसणं मला जमत नाही म्हणून आम्ही जेवणाच्या टेबलावर मांडतो. तिला पिसता येतं, मला डोकं लावता येतं, तेव्हा दोघींत मिळून एक खेळाडू होतो. परवा डाव अडला. टेकडीवर तीन पानं, गठ्ठा संपलेला. "आज्जी, त्या बाजूला बघ ना जरा," ती म्हणाली. मी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता, ते पुरं ऐकून घेतलं. वळून बघते तो डाव सुटलेला.

टॅबवर मी ३१८ व्या पायरीवर आहे. नाणी जमलीत ६,४५०. कासव अजून कुलपातच आहे.